घरी शिकणारं मूल चारचौघांत कसं वाढतं?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, की पहिला प्रश्न गणिताचा किंवा विज्ञानाचा येत नाही. ‘मग हे चारचौघांत कधी मिसळणार?’ हा प्रश्न आधी येतो. आजी-आजोबा विचारतात, शेजारी विचारतात, उपासना संपल्यावर मंडळीतलं कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं. ख्रिस्ती घरांत याची दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. एक जण म्हणतो, शाळेतल्या संगतीनं मुलं बिघडतात, घरच बरं. दुसरा म्हणतो, मुलांना असं झाकून ठेवलं तर ती जगाचं मीठ आणि जगाचा प्रकाश कशी होणार? दोन्ही उत्तरं मनापासून देणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण मिसळणं म्हणजे नेमकं काय, हे ठरवायच्या आधीच दोघेही उत्तर देऊन मोकळे होतात.

या एका शब्दात आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली म्हणजे वागायची रीत: आपली पाळी येईपर्यंत थांबणं, दुसऱ्याचं बोलणं मध्येच न तोडणं, अनोळखी माणसानं काही विचारलं तर आईच्या मागे न लपता उत्तर देणं. दुसरी म्हणजे बरोबरीच्या मुलांशी नातं: मैत्री जुळवणं, भांडणं, रुसणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला जाणं. तिसरी सगळ्यांत खोल आहे. चांगलं काय आणि लाजिरवाणं काय, हे मूल कोणाच्या नजरेतून ठरवायला शिकतं? सामाजिकीकरण हा जड शब्द अभ्यासक मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीसाठी वापरतात.

शाळेत या तिन्ही गोष्टी आपोआप घडतात, कधी चांगल्या, कधी वाईट. घरी पहिली सहज साधते आणि तिसरी तर शाळेपेक्षा घट्ट बसते. अडतं ते दुसरीपाशी. होमस्कूलिंगवरचे कितीतरी वाद चुकीच्या दिशेनं जातात, कारण एक जण तिसरीबद्दल बोलत असतो आणि दुसरा दुसरीबद्दल.

प्रभू येशूच्या बालपणाबद्दल पवित्र शास्त्रात फार थोडं लिहिलं आहे. पण लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सांगितलं आहे की तो ज्ञानानं आणि शरीरानं वाढत गेला, देवाच्या आणि मनुष्यांच्या कृपेत वाढत गेला. यातल्या ‘मनुष्यांच्या’ या शब्दापाशी मी नेहमी थांबतो. त्याच्याच आधीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बारा वर्षांचा येशू सणाला आईवडिलांबरोबर यरुशलेमेला जातो आणि मागेच राहतो. मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून जातात, तोवर त्यांना शंकाही येत नाही. तो सोबतच्या लोकांत असेल असं त्यांनी धरून चाललेलं असतं, मग ते नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत त्याला शोधतात. मुलगा दिवसभर दिसला नाही तरी जीव टांगणीला लागू नये, इतकी भरवशाची माणसं त्या मुलाभोवती होती. शेवटी तो सापडतो तेव्हा मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकत असतो, त्यांना प्रश्न विचारत असतो. हे आईवडिलांच्या ओळखीबाहेरचे लोक होते.

घरी शिकवणारे ख्रिस्ती पालक ज्या वचनाचा आधार घेतात ते जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे: देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोल. मुलांना घडवणं हे आईबापांचं काम आहे आणि ते पूर्णपणे दुसऱ्यावर सोपवता येत नाही, हे यातून स्वच्छ दिसतं. मुलं शाळेत जात असली तरी हे तितकंच लागू आहे. मात्र हे वचन एकट्यादुकट्या कुटुंबाला दिलेलं नाही. त्याची सुरुवात ‘हे इस्राएला, ऐक’ अशी आहे. सगळ्या लोकांना एकत्र उभं करून ते सांगितलं गेलं. आणि त्यात वाटेवर चालणंही आहे. वाटेवर दुसरी माणसं भेटतातच.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे आठवतं. त्यांना संस्कृत शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी. पण ते कुटुंब वर्षानुवर्षं पायी तीर्थयात्रा करत हिंडत होतं, त्यामुळे रमाबाईंनी लहानपणीच तऱ्हेतऱ्हेची माणसं, त्यांची दुःखं, त्यांची भूक जवळून पाहिली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींना आसरा दिला. या कामामागची नजर कुठून आली हे शोधताना मला ते पायी हिंडणं विसरता येत नाही.

आता वयाप्रमाणे पाहू. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला ‘मिसळायला’ शाळा लागतेच, ही समजूत मला पटत नाही. आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणारे जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांच्या कामातून एक गोष्ट पुढे आली: सांभाळणाऱ्या माणसाची ज्या बाळाला खात्री असते, ते अनोळखी खोलीत जास्त धीटपणे फिरतं, वस्तू हाताळतं, पुन्हा येऊन आईला शिवून जातं. धीटपणा लवकर दूर लोटल्यानं येत नाही, पाठीशी कोणीतरी आहे या भरवशातून येतो. मिल्ड्रेड पार्टन यांनी लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून १९३२ मध्ये त्याच्या पायऱ्या मांडल्या. मूल आधी एकटं खेळतं, मग दुसऱ्याचा खेळ नुसता बघतं, मग शेजारी बसून आपापलं खेळतं, आणि हळूहळू खरोखर मिळून खेळू लागतं. तीन वर्षांचं मूल दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसून आपल्याच ठोकळ्यांत रमलं असेल तर त्यात काळजीचं काही नाही. आठवड्यातून काही वेळा तीच ती दोन-चार मुलं भेटली तरी या वयाला पुष्कळ झालं.

खरी गोष्ट सुरू होते ती सहा-सात वर्षांनंतर, आणि इथे घरी शिकवणाऱ्यांनी स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांबरोबर बसून गोट्या खेळले. त्यांनी मुलांनाच खेळाचे नियम शिकवायला सांगितले आणि मग विचारलं, हे नियम आले कुठून, ते बदलता येतील का? लहान मुलांच्या मते नियम मोठ्यांकडून किंवा देवाकडून आलेले होते, त्यांना हात लावता येत नव्हता. गंमत म्हणजे खेळताना तीच मुलं नियम बिनदिक्कत मोडत होती. दहाच्या पुढची मुलं म्हणायची, सगळ्यांचं पटलं तर नियम बदलू. आणि हीच मुलं नियम नीट पाळत होती. १९३२ मध्ये छापलेल्या या कामातून पियाजेंनी काढलेला अर्थ असा: न्याय म्हणजे काय हे मूल मोठ्यांच्या सांगण्यावरून पूर्ण शिकू शकत नाही, कारण मोठ्यांशी त्याची बरोबरी नसते. ज्याच्यावर हुकूम चालवता येत नाही आणि ज्याचा हुकूम आपल्यावर चालत नाही, अशा कोणाबरोबर तरी त्याला खेळावं लागतं.

भावंडांनी ही जागा भरून निघेल असं आपल्याला वाटतं. थोडीफार निघतेही. पण थोरल्याचं थोरलेपण आणि धाकट्याचं धाकटेपण घरात पुसलं जात नाही. शिवाय भावंडं सोडून जात नाहीत. मित्र सोडून जाऊ शकतो, आणि तो टिकवायचा तर काय करावं लागतं, हे त्या जाणिवेतूनच शिकायला मिळतं.

मी बरीच वर्षं मंडळीत संडे स्कूलचा वर्ग घेतो. घरी शिकणारा एक नऊ वर्षांचा मुलगा वर्गात यायचा. मोठ्यांशी त्याचं बोलणं ऐकत राहावं असं. वचनं तोंडपाठ, प्रश्न नेमके. पण वर्ग सुटल्यावर मुलं पकडापकडी खेळायची तेव्हा हा बाद झाला की सरळ माझ्याकडे यायचा आणि शांतपणे आपली बाजू मांडायचा. त्याची बाजू बरेचदा खरीही असायची. कमी होतं ते एवढंच, की बाद दिलं तर खेळ सोडून न्यायाधीशाकडे जायचं नसतं, कुरकुर करायची आणि खेळत राहायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी प्रत्येक भांडणात दोन मिनिटांत आई आलेली असायची. दोष आईचा नाही, छोट्या घरात भांडण ऐकू येतंच. पण त्या दोन मिनिटांनंतर मुलांनी स्वतः जे शिकायचं होतं ते राहून गेलं होतं.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं सांगितलेली रीत मला यासाठीच अनमोल वाटते. भावानं तुझा अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघं एकान्तात असताना त्याला त्याचा अपराध दाखव. आधी दोघंच. ऐकलं नाही तर मग एक-दोन जण सोबत घे, आणि मंडळीपुढे नेणं त्याच्याही नंतर. हे लहान मुलांना शब्दशः शिकवता येतं. ‘त्याला तू सांगितलंस का?’ एवढा एक प्रश्न तक्रार घेऊन आलेल्या मुलाला विचारायचा आणि त्याला परत पाठवायचं. मारहाण, धमकी किंवा अंगाला नको तिथे हात लावणं असेल तर मात्र ही पायरी गाळून मोठ्यांनी लगेच मध्ये पडायचं, आणि हेही मुलांना आधीच सांगून ठेवायचं.

म्हणूनच पालक जेव्हा पोहणं, संगीत, चित्रकला, बुद्धिबळ अशी क्लासची यादी दाखवून ‘आमचा मुलगा सगळीकडे जातो’ म्हणतात, तेव्हा मला ते पुरेसं वाटत नाही. क्लासमध्ये सतत एक मोठा माणूस समोर उभा असतो. मैत्री होते ती तासाच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरा मिनिटांत, आणि नेमकी तेव्हाच आपण मुलाला घाईनं गाडीत बसवून घरी नेतो. चार-पाच कुटुंबांनी मिळून आठवड्यातला एक दिवस ठरवला, तीच मुलं वर्षभर भेटत राहिली, आणि त्यातला अर्धा वेळ मोठ्यांनी नजर ठेवून पण तोंड बंद ठेवून काढला, तर त्यातून जास्त मिळतं. सहलीला दरवेळी नवी मुलं भेटून ओळखी वाढतात, दोस्त होत नाही.

संशोधन काय सांगतं? १९९२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या एका अभ्यासात लॅरी शायर्स यांनी घरी शिकणारी सत्तर आणि शाळेत जाणारी सत्तर, आठ ते दहा वर्षांची मुलं खेळताना चित्रित केली. कोणतं मूल कुठलं हे निरीक्षकांना सांगितलं नव्हतं. घरी शिकणाऱ्या मुलांच्या वागण्यात तंटे आणि त्रास देणं कमी आढळलं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा हजारांहून जास्त तरुणांची माहिती होती. सरकारी शाळांत शिकलेल्यांच्या तुलनेत घरी शिकलेले तरुण स्वयंसेवेत जास्त दिसले, क्षमा करण्यात पुढे दिसले, उपासनेला जास्त नियमित जाणारे दिसले. त्याच अभ्यासात ते महाविद्यालयीन पदवीपर्यंत पोहोचण्याची शक्यता मात्र कमी निघाली. मंडळीत आपण पहिला भाग आनंदानं सांगतो. दुसराही सांगायला हवा.

आणि हे आकडे वाचताना एक काळजी घ्यायची. होमस्कूलिंगच्या बऱ्याच पाहण्यांत स्वतःहून पुढे आलेली कुटुंबंच मोजली जातात. ज्यांचं बरं चाललंय ती माणसं पुढे येतात, ज्यांचं बिनसलंय ती गप्प राहतात. शिवाय घरी शिकवणाऱ्या अनेक घरांत दोन पालक, स्थैर्य आणि मुलांसाठी वेळ हे आधीच असतं. चांगल्या परिणामाचं किती श्रेय घरी शिकण्याला आणि किती त्या घराला, हे वेगळं काढणं अवघड आहे. यावरून एवढं मात्र म्हणता येतं की घरी शिकलेलं मूल माणूसघाणं होतंच, ही भीती निराधार आहे.

आता कुसंगतीच्या वचनाकडे येतो, कारण त्याचा आपण फार ढिला वापर करतो. ‘कुसंगतीनं नीती बिघडते’ हे पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात आहे. तो सगळा अध्याय पुनरुत्थानाबद्दल आहे. मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही असं म्हणणारे काही लोक करिंथच्या मंडळीतच होते आणि त्यांच्या संगतीबद्दल पौल सावध करतो आहे. म्हणजे जे वचन आपण बाहेरच्या जगावर रोखतो, ते लिहिलं गेलं आतल्या माणसांवरून. शिवाय ही ओळ मूळची ग्रीक नाटककार मेनांदरची मानली जाते. पौलाला बाहेरचं वाङ्मय ठाऊक होतं आणि त्यातलं खरं ते उचलायला त्याला संकोच वाटला नाही. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो खुलासा करतो की जगातल्या अनीतिमान लोकांशी मुळीच संबंध ठेवू नका असं माझं म्हणणं नव्हतं, तसं करायचं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल. योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभूची प्रार्थनाही तशीच आहे: यांना जगातून काढून घे असं मी मागत नाही, त्यांना वाइटापासून राख.

संगतीचा परिणाम होतो, हे खरंच. नीतिसूत्रं म्हणतात की सुज्ञांची सोबत धरणारा सुज्ञ होतो. आठ वर्षांच्या मुलाला रोज टिंगल, शिवीगाळ आणि मारहाणीत ढकलून ‘यातून तो कणखर होईल’ म्हणणं मला क्रूर वाटतं. रोपाला आधी मुळं धरू द्यावीत, यात कमीपणा काही नाही. पण चार भिंतींवर फार भरवसा ठेवू नये, हे जुन्या करारातल्या एली याजकाच्या घरावरून दिसतं. एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास देवाच्या मंदिराच्या सावलीत वाढले आणि वाया गेले. त्याच मंदिरात, त्याच दोघांच्या डोळ्यांदेखत लहान शमुवेल वाढला, आणि त्याच्याबद्दल तेच लिहिलं आहे जे पुढे येशूबद्दल लिहिलं गेलं: तो देवाच्या आणि मनुष्यांच्या कृपेत वाढत गेला. माणसाच्या आतून जे येतं तेच त्याला भ्रष्ट करतं, असं प्रभू म्हणाला. आपल्या मुलांचं हृदयही त्यात आलं.

ख्रिस्ती घराला आणखी एक गोष्ट विचारावी लागते, जी मानसशास्त्राच्या पुस्तकात ठळकपणे सापडत नाही. माझ्या मुलाला आपल्यासारख्या नसलेल्या माणसाजवळ जाता येतं का? ‘माझा शेजारी कोण?’ असं विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूनं शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. घरी शिकणाऱ्या कितीतरी ख्रिस्ती मुलांना मित्र असतात, पण ते सगळे त्याच मंडळीतले, तशाच घरांतले, तीच गाणी गाणारे. असं मूल नम्र असतं, लाघवी असतं, आणि वेगळ्या श्रद्धेच्या किंवा श्रद्धाच नसलेल्या मुलासमोर एकतर गप्प होतं किंवा लगेच उपदेश करू लागतं. दोन्हींच्या मागे भीतीच असते. शाळेत जाणारी मुलंही आपापल्या कंपूत अशीच अडकतात, त्यामुळे हा दोष फक्त होमस्कूलिंगचा नाही. पण घरी शिकवणाऱ्याच्या हातात दिवस असतो. दुपारी एखाद्या एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे वाचून दाखवायला जाता येतं. वेगळ्या धर्माच्या शेजारच्या मुलांना घरी खेळायला बोलावता येतं आणि आपल्या मुलाला त्यांच्याकडे पाठवता येतं. दोन्ही करावं, नुसतं बोलावू नये. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या घरी बसताना मूल जे शिकतं ते यजमान म्हणून शिकत नाही.

एक अवघड विषय टाळता येत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाकडे रोज घराबाहेरच्या काही मोठ्या माणसांचं लक्ष जातं. अंगावरचा वळ, उतरलेला चेहरा कोणाला तरी दिसतो. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे आपोआप होत नाही, आणि ज्या घरात मुलाचा छळ होतो तिथे हा एकांत त्या छळाला पांघरूण घालतो. अमेरिकेत होमस्कूलिंगमध्येच वाढलेल्या काही प्रौढांनी २०१३ मध्ये अशा मुलांच्या सुरक्षिततेसाठी संघटना काढली. त्यांच्या बोलण्याला काही मंडळ्यांत विश्वासावरचा हल्ला समजलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. आपल्या मुलाच्या आयुष्यात आईवडिलांखेरीज दोन-तीन भरवशाची मोठी माणसं असावीत, ज्यांच्याकडे ते आपल्याबद्दलची तक्रारही घेऊन जाऊ शकेल. चांगल्या आईबापांना याची भीती वाटायचं कारण नाही. ‘बापांनो, आपल्या मुलांना चिरडीला आणू नका’ हे इफिसकरांस पत्रातलं वचन घरी शिकवणाऱ्या बापालाही लागू आहे. कदाचित जास्तच, कारण त्याच्या घरात तोच बाप, तोच मास्तर आणि तोच मुख्याध्यापक.

कायद्याबद्दल थोडक्यात: सगळीकडे परिस्थिती सारखी नाही. अमेरिकेच्या सर्व राज्यांत १९९३ पर्यंत घरी शिकवणं कायदेशीर झालं, पण नियम राज्यागणिक वेगळे आहेत. जर्मनीत मुलांनी शाळेत जाणं सक्तीचं आहे. आपण राहतो तिथले नियम आधी पाहून घ्यावेत.

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्याबद्दल मी घरी शिकवणाऱ्या आयांशी नेहमी बोलतो. आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाचा वारसा त्याला मिळाला, बालपणापासून त्याला पवित्र शास्त्र माहीत होतं. वडील ग्रीक होते, म्हणजे घरातच दोन जगं होती. पण पौल त्याला सोबत घेतो तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांत आईची किंवा आजीची साक्ष नोंदलेली नाही. लुस्त्र आणि इकुन्य या दोन गावांतले बंधू त्याच्याबद्दल चांगलं बोलत होते, असं तिथे लिहिलं आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांनी हाच प्रश्न विचारून पाहावा: आमच्या घराबाहेरचं कोण याला ओळखतं, आणि ते काय म्हणतात? या वयात मुलाला आपल्या नजरेआड काहीतरी करायला मिळायला हवं. खेळाचा संघ, सेवेचं काम, कोणाच्या हाताखाली काही शिकणं, जिथे त्याची ओळख ‘अमक्यांचा मुलगा’ अशी राहणार नाही.

आणि घरी शिकवायचं ठरवलं म्हणजे ते कायमचं ठरलं, असं समजू नये. दरवर्षी, प्रत्येक मुलासाठी, नव्यानं प्रार्थना करून पाहावं. मूल सतत एकटं वाटतं म्हणत असेल, बाहेरच्या मुलांना भेटायचं म्हटलं की पोटात दुखू लागत असेल, किंवा शिकवताना घरात रोज रडारड होत असेल, तर शाळेचा विचार करण्यात विश्वासाची हार नाही. थोरला घरी शिकतो आणि धाकटी शाळेत जाते, असंही चालतं.

मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या आई सुझाना यांनी आपल्या मुलांना घरीच शिकवलं. त्यांची शिस्त कडक होती, तरी आठवड्यातली एकेक संध्याकाळ त्या एकेका मुलाशी एकट्यानं बोलण्यासाठी राखून ठेवत. १७०९ मध्ये घराला आग लागली आणि घर पुन्हा उभं राहीपर्यंत मुलं वेगवेगळ्या कुटुंबांत राहिली. तिथे त्यांना लागलेल्या वाईट सवयी मोडायला किती कष्ट पडले हे सुझानांनी पुढे पत्रात लिहून ठेवलं आहे. संगत काय करू शकते हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. तरीही १७१४ मध्ये, जॉन दहा वर्षांचा असताना, त्यांनी त्याला लंडनच्या चार्टरहाउस शाळेत राहायला पाठवलं. तो मोठा झाला, ऑक्सफर्डला गेला, आणि तिथेही आईची पत्रं त्याच्यापर्यंत येत राहिली.